शेपूट

बाबा वरच्या खोलीत पडून होते आणि ती खाली दुकानात त्यांच्या आवाजाचं शेपूट कापत बसली होती.

शेपूट हा बाबांचाच शब्द. वॉकीटॉकी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोलणाऱ्यानं बटण सोडलं की ऐकणाऱ्याच्या सेटमधून क्षणभर जो खर्रर्र आवाज येतो, ते शेपूट. मोबाइल त्यांच्या कापऱ्या बोटांना दाद देत नसे, म्हणून उशाशी त्यांचा जुना, विटेएवढा जड सेट आणि खाली काउंटरवर तिचा नवा, दुसऱ्या कंपनीचा. दिवसभर काहीतरी चालूच. दूधवाला आला का? खर्रर्र. जळकट वास कसला येतोय? खर्रर्र. कधी काही न बोलताच बटण दाबून सोडत. मग नुसतंच खर्रर्र.

तिनं खरखर दाबायची कळ कमीजास्त करून पाहिली. अँटेना बदलली, चॅनेल बदललं. शेपूट जागच्या जागी. शेवटी दुपारी नवा सेट कॉम्प्युटरला जोडला, तेव्हा कुठे उमगलं. बोलणं संपताना जुना सेट एक खूण पाठवत होता, कानाला न ऐकू येणारी: संपलं, आता गप्प हो. नव्याला दुसऱ्याच खुणेची सवय. त्याला गप्प व्हायला किंचित उशीर व्हायचा आणि तेवढ्यात खरखर आत शिरायची. ती बोलली की वरच्या सेटवरही तेच.

वायर काढून तिनं बटण दाबलं. "सापडलं, बाबा. तुमचा सेट सांगतो एक, माझा समजतो भलतंच."

"घरोघरी तेच," बाबा म्हणाले. खर्रर्र.

"हत्ती कधीच गेलाय, शेपूट तेवढं राहिलंय. तेही घालवते आता."

वरून आधी नुसतंच खर्रर्र आलं. मग, "राहू दे की. नुसतं बटण दाबलं तरी तुला कळतं, म्हातारा अजून आहे."

"मग बोला ना. तोंड आहे की."

"बोललो की म्हणतेस, कामात आहे. एखादवेळी 'येते' म्हण. नाही आलीस तरी चालेल."

"खोटं कशाला बोलू?"

बाबा हसले. हसण्यामागून शेपूट आलं. ते शेवटचं. तिनं वायर पुन्हा जोडली, नव्या सेटला जुन्याची खूण शिकवली आणि म्हणाली, "बोला आता काहीतरी."

"काय बोलू?"

दोरा कात्रीनं कापावा तसा आवाज संपला. मागे काहीही नाही.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"छान. अगदी मोबाइलसारखं झालं," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडी ही शिवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेकऱ्यांचा मुकादम दुरुस्तीला टाकलेले सेट न्यायला आला. ती त्याच्याकडे पाठ करून टेबलावर बॅटऱ्या बसवत होती.

"बाबा काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"आज अजून काही म्हणाले नाहीत. सुटलात. नाहीतर वर बोलावून तासभर बसवलं असतं तुम्हाला."

"बसलो असतो की. मला अजून पोरा म्हणून हाक मारतात. पोरा म्हणणारं दुसरं उरलंय कोण?" तो काउंटरवर बोटांनी ताल धरून उभा होता. "ताई, तुमचा हा सेट बिघडलाय का? मघापासून हिरवा दिवा लागतोय, विझतोय. आवाज मात्र काही नाही."

तिनं वळून पाहिलं. दिवा विझलेला होता.

वर बटण दाबलं की खाली हिरवा दिवा लागतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. हातातली बॅटरी तशीच घेऊन ती जिन्याकडे धावली.

बाबांचा हात अजून गार पडला नव्हता. सेट छातीवर होता, अंगठा बटणावरून घसरलेला. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं.

माणसं आली, बसली, गेली. "झोपेत गेले, सुटले," म्हणाली. तिनं कुणाला दुरुस्त केलं नाही. मुकादम दारातच उभा राहिला, आत आला नाही, आणि दिव्याबद्दल पुन्हा एक अक्षरही बोलला नाही.

घर रिकामं झालं त्या दुपारी तिनं नवा सेट कॉम्प्युटरला जोडला आणि स्वतः केलेला बदल पुसून टाकला. बाबांचा सेट चालू करून वर त्यांच्या उशाशी ठेवला. चादर कुणीतरी बदलली होती. ती खाली आली. शटर अर्धं ओढलेलं होतं. काउंटरशी उभं राहून तिनं बटण दाबलं आणि थोडा वेळ नुसतंच दाबून धरलं.

"येते, बाबा," ती म्हणाली, आणि बटण सोडलं.

वरच्या खोलीत तिचाच आवाज उमटून गेला. त्याच्यामागून, खर्रर्र.