पहिला नंबर

“आधी मी,” असं म्हणून थोरली नर्सच्या मागोमाग आत गेलीसुद्धा. धाकटी तोंडाला बधिर करायचं पांढरं मलम फासून बाकावर तशीच बसून राहिली. दार बंद झालं.

आता ह्याला काय म्हणायचं? अपॉइंटमेंट धाकटीची. मुरमांचे खड्डे धाकटीच्या गालांवर. तीन महिने ह्या त्वचेच्या दवाखान्याच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंत चढून परत फिरली ती धाकटीच. थोरली नुसती सोबतीला आली होती. पण काउंटरपाशी पोचताच तिने जाहीर केलं, “मीपण करून घेते मायक्रोनीडलिंग. डोळ्यांजवळ सुरकुत्या आल्यात.” सुरकुत्या असतीलही, पण भिंग घेऊन शोधाव्या लागल्या असत्या. चोपन्नाव्या वर्षीही बाईसाहेबांच्या गालावर औषधाला डाग नव्हता.

तसं हे नवं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत पहिली चढायची ती थोरली. लस टोचून घ्यायला दंड पुढे करायची तीही पहिली. पोहण्याच्या तलावात खोल बाजूला पहिली उडी तिचीच. वर येऊन पुन्हा म्हणायची, “काही नाही गं, घाबरट.” पुढे ती मुख्याध्यापिका झाली आणि पुढेपुढे करायला सरकारी परवानाच मिळाला. एकदा तरी मला आधी जाऊ दे, असं धाकटीला सातव्या वर्षी वाटायचं. पन्नासाव्या वर्षीही तेच वाटत होतं.

धाकटीचा फोटो स्टुडिओ होता. सव्वीस वर्षं ती लोकांचे चेहरे टिपत आली होती. कुणाची पुटकुळी, कुणाचा डाग कॉम्प्युटरवर चुटकीसरशी पुसून द्यायची. स्वतः मात्र एकाही फोटोत नाही. “काढणारी मीच, मग मी फोटोत कशी येणार?” हे उत्तर कायम तयार. आता सहा महिन्यांनी तिचं पहिलं प्रदर्शन होतं आणि पोस्टरवर तिचा फोटो हवा होता. तिने आपल्या कॅमेऱ्याचा फोटो पाठवला. आयोजकांनी तो हसत हसत परत केला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. पेनासारखं एक यंत्र, त्याच्या टोकाला बारीक बारीक सुया. त्या गालांवर टोचायच्या, म्हणजे त्वचा आपली आपणच भरून यायला लागते. पूर्ण जातील असं नाही, पण खड्डे उथळ होतील. महिन्याच्या अंतराने चार वेळा यायचं. ‘सुया’ हा शब्द ऐकताच धाकटीने दाराकडे पाहिलं होतं. आज पळाली, तर ती पुन्हा येणार नव्हती. मग प्रदर्शन लागलं असतं, पण पोस्टरवर कॅमेराच.

आतून यंत्राची गुणगुण ऐकू येऊ लागली. धाकटीने दोनदा पर्स उचलली, दोनदा खाली ठेवली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा दार उघडलं. थोरलीचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता आणि त्यावर हे एवढं हसू.

“काही नाही गं. मुंग्या चालल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. “जा आत, घाबरट.”

घाबरट म्हटल्यावर जाणं भागच होतं. धाकटी रागारागाने आत जाऊन खुर्चीवर आडवी झाली. नर्सने तिच्या तोंडावरचं मलम पुसलं आणि आपला हात पुढे केला. “धरा. लाजू नका.”

“नको. ताई म्हणाली, काही होत नाही.”

नर्स हसली. तिने मनगट वळवून दाखवलं. त्यावर चार नखं उमटली होती, खोल आणि ताजी.

“ही तुमच्या ताईंची. सुई नुसती बघूनच थरथर कापत होत्या. लहानपणापासूनच भीती आहे म्हणे. गुडघ्याला इंजेक्शन घ्यायला सांगितलंय, तेही वर्षभर टाळतायत.”

“मग हे कशाला करून घेतलं तिने?”

“मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, बाहेर माझी धाकटी बसलीय. मी हसत बाहेर गेले नाही, तर ती पळून जाईल.”

धाकटी छताकडे बघत राहिली. दातांची खुर्ची, लस, तलाव. इतकी वर्षं ज्याचा राग केला, ते हे होतं तर. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत गेलं.

“मी अजून सुरूही केलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “थांबू का?”

“नाही. करा तुम्ही,” धाकटी म्हणाली. तिने नर्सचा हात धरला नाही.

ती बाहेर आली तेव्हा थोरली मासिक चाळत बसली होती. एकसारख्या लाल तोंडांच्या त्या दोघींना पाहून काउंटरवरच्या मुलीने हसू दाबलं.

“बघ, उगाच घाबरत होतीस,” थोरली म्हणाली.

“हो ना. ऊठ आता. हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंय.”

थोरलीचं मासिक मिटलं. “कशाला?”

“इंजेक्शन घ्यायला. आधी मी घेणार.”

“तू? तुझ्या गुडघ्यांना कुठे धाड भरलीय?”

धाकटीने तिच्या हाताला धरून तिला उठवलं. “तुझ्या गालांना तरी कुठे भरली होती?”