नव्वदचं वळण

काटा चाळीसवर असताना ती छोटी गाडी मुकाट पळत होती. वरातीसाठी तिचं छप्पर कापून ती उघडी करणारा महिपती मिस्त्री शेजारी बसलेल्या बायकोकडं, शालनकडं, ऐटीत बघत होता.

साठवरही कुरकुर नव्हती.

नव्वदवर, बायपासच्या वळणाला, गाडीचं अंग पिळवटलं. दाराच्या फटीपाशी बोट धरून बसलेली शालन म्हणाली, “अहो, फट वाढतीय. बोट आत जातंय.”

मिस्त्रीनं गाडी कडेला घेतली. छप्पर गेल्यावर अंगाला बळकटी यावी म्हणून खालून लोखंडी पट्ट्या जोडायच्या असतात; वजन वाढू नये म्हणून त्यानंच ते टाळलं होतं.

“संध्याकाळच्या वरातीत कोण नव्वदनं पळवतंय?” तो म्हणाला.

“वरातीनंतर नवरानवरी हिच्यातनंच गोव्याला निघालीत.”

मिस्त्रीनं नवऱ्या मुलाच्या वडलांना फोन लावला.

“अण्णा, वरातीला घोडा बघा. गाडी देत नाही.”