पुन्हा लिहिलेला निबंध

अल्काबाई अर्जुनी मोरगावच्या एका शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवतात. तालुक्याच्या निबंध स्पर्धेत त्यांनी युद्धावर लिहिलं, ‘बॉम्ब पडला त्या शाळेतही कुणी बाई भात शिजवून पोरांची वाट पाहत असेल.’ परीक्षक सरांनी निबंध मोबाईलमधल्या एआय ओळखणाऱ्या ॲपवर तपासला आणि म्हणाले, “बाई, हा एआयनं लिहिलाय. बाद.”

अल्काबाई जागच्या हलल्या नाहीत. “कोरा कागद द्या. तुमच्या समोर लिवतो.”

तासभर त्या मान खाली घालून लिहीत राहिल्या आणि सर टेबलापलीकडून पाहत राहिले. मग सरांनी त्या नव्या पानांचेही फोटो काढले, मोबाईलकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, “हाही एआयचाच आहे असं ॲप म्हणतंय, बाई.”

अल्काबाईंनी पेन सरांच्या पुढ्यात ठेवलं.


“मले लिवताना तुमी पायलं, सर, त्या मशीननं नाही. तेवढंच या कागदावर लिवा, अन् खाली सही करा.”