स्वयंपाकघरातली शिंक

"नाकासाठीच आहेत, पण पोटात घ्यायच्या," डॉक्टरीणबाई गोळ्या पुढे सरकवत म्हणाल्या. "दह्यात असतात तसले जंतू आहेत यात. पोटात राहून नाकाला शहाणपण शिकवतात म्हणे. काहींना गुण येतो, काहींना नाही. नेहमीचं औषध सोडायचं नाही."

"लोक जंतू मारायला देतात, तुम्ही पाळायला देताय," ती रुमालाआडून म्हणाली.

"पाळा की. घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, पण कान तिखट आहेत."

"मग तुमच्या शिंकांनी वैतागत असतील."

"त्यांचं सगळं शिंकांवरच चाललंय."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. मागच्या हिवाळ्यात घरी त्यांनी अंथरूण धरलं होतं. अन्नावरची वासना उडाली होती. चहाचा कप भरला तसा परत यायचा. मग एका सकाळी स्वयंपाकघरात तिला शिंकांची सरबत्ती सुटली आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "उठलीस का गं?"

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. दुपारी जेवलेही. तेव्हापासून आधी शिंक, मग हाक, मग चहा. शिंक चुकली तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल, ही धास्ती तिला सोडत नव्हती. पण नाक चोंदलं की रात्र रात्र उशीला टेकून बसायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, तेही किती दिवस? तिने गोळ्या सुरू केल्या.

गुण आला. नाक इतकं मोकळं झालं की ती नोकरी करायची त्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांना वास असतो, हे तिला नव्यानं कळलं.

"बाई, तोफखाना बंद?" तिथला शिपाई म्हणाला. "चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

घरी मात्र एक सकाळ मुकी उजाडली. शिंक नाही, हाक नाही. तिला धीर धरवेना. तिने चिमूटभर मिरपूड हुंगली. शिंक आली. पाठोपाठ हाक आली. तिचा जीव भांड्यात पडला.

मग ते रोजचंच झालं. नाक लाल, डोळ्यांत पाणी, पण कप रिकामा.

एके दिवशी मिरपूडही हरली. नाक ढिम्म. शेवटी तिने ओट्याला धरून खोटीच शिंक काढली, जमेल तेवढी दणक्यात.

या वेळी हाक वेगळी आली, "इकडे ये."

ती पलंगाच्या कडेला टेकली. त्यांनी चाचपडत तिचा चेहरा शोधला, नाकाखाली बोट धरलं.

"श्वास घे."

तिने घेतला. लांब, स्वच्छ.

"अजून एक." ते हसले. कितीतरी दिवसांनी. "बरी झालीस की. मग ही मिरपूड कशाला? वास इथवर येतो."

"चहा घ्याल ना?"

"घेईन. रोज घेईन. पण आईसारखं शिंकायचं आता सोड, पोरी. ती गेलीय हे मी विसरलेलो नाही; तेव्हा तिचा हात माझ्याच हातात होता."