वर केलेला हात

शेवटच्या फेरीत शहाजीची गाडी सगळ्यांत पुढे होती, तिच्यामागे त्याच्याच टीमच्या यासीनची. कानात मेकॅनिकचा आवाज आला, "दादा, ठरल्यापरमानं यासीनला पुढं जाऊ द्या."

टीम दोघा ड्रायव्हरांची आणि मेकॅनिकांची, सारख्या वाट्याची. यासीन जिंकला तरच वर्षाचं अजिंक्यपद मिळणार होतं, म्हणून त्याला वाट द्यायची, असं सकाळी हात वर करून मतदानाने ठरलं. पहिला हात शहाजीनेच वर केला होता. आपणच पुढे असू, हे तेव्हा वाटलंच नव्हतं.

हंगामभर शिणलेला पाय त्याने ॲक्सिलरेटरवरून उचलला. यासीनही मागेच रेंगाळला. शर्यत शहाजीने जिंकली, अजिंक्यपद गेलं.

"का थांबलास?" शहाजीने हेल्मेट काढत यासीनला विचारलं.

"सकाळी माझा हात खालीच होता, भावा. तुम्ही कुणी बघितलंच नाही."

शहाजीने करंडक सगळ्यांच्या मधोमध ठेवला. वाटा सगळ्यांचा होता. हात कुणीच लावला नाही.