दोन्ही गालांवर

"दुसरं कुणी नाही का दुकानात?" फ्रेम नाकावर चढवून घेता घेता गिऱ्हाईक बाईंनी मान मागे घेतली.

चष्म्याच्या दुकानातलं काम असंच. काडी कानामागे नीट बसली की नाही ते पाहायला समोरच्याच्या तोंडाशी तोंड न्यावं लागतं. आणि काउंटरवरच्या ताईच्या तोंडाची तर पार रया गेली होती. दोन्ही गाल लालभडक, कानशिलांपर्यंत सुजलेले, वर पांढरे पापुद्रे. बोलताना एखादा सुटून काउंटरच्या काचेवर पडायचा. ती तो हळूच बोटाने टिपून घ्यायची.

बाई गेल्यावर मालक जवळ आले. माणूस भला होता, त्यामुळे त्यांना बोलणं अवघड जात होतं.

"ताई, थोडे दिवस आत बसाल का? काचा घासायच्या मशीनवर?"

"मशीनवाला रजेवरून आला की?"

मालकांनी उगाच एक फ्रेम पुसायला घेतली. "तोवर बरं वाटेल की तुम्हाला."

बरं वाटेल! कशाने बरं वाटेल तेच तर कळत नव्हतं. साबण बदलून झाला, पावडर सोडून झाली, उशीचे अभ्रे उकळून झाले. जितकी तोंडं तितके उपाय. शेजारीण म्हणाली कोरफड लाव, तर चेहरा आणखी पेटला. धाकट्या भावाने परगावाहून फोनवर निदान केलं, "तू फार विचार करतेस." त्यावर तिने आणखी थोडा विचार केला.

घरी बाबा खुर्चीत बसलेले असायचे. आई गेल्यावर ते तिच्याकडे राहायला आले, तेव्हाच त्यांची नजर जवळजवळ संपली होती. पाठोपाठ कानही गेले. कानाशी ओरडलं तर शब्द कळायचा, आवाज कुणाचा ते नाही. उरले होते ते हात. जन्मभर सुतारकी केलेले. रंधा मारलेल्या फळीवर नुसती बोटं फिरवून कुठे कसर राहिली ते सांगणारे.

ती कामावरून आली की त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसायची. ते दोन्ही तळवे तिच्या गालांवर ठेवायचे, कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवायचे. सुरुवातीला हसून म्हणायचे, "आलीस पोरी?" हल्ली हात पटकन खाली यायचे.

"दमलीस बाई. जा, आराम कर," एवढंच म्हणायचे.

आपल्या खरखरीत कातडीची त्यांनाही शिसारी येत असेल, असं तिला वाटायचं. त्यात भर म्हणजे रोज केस विंचरून, दाराकडे तोंड करून ते विचारायचे, "आलं का कुणी?"

भाऊ वर्षभर फिरकला नव्हता. ती राग गिळून टाकायची आणि त्यांच्या कानाशी ओरडायची, "कामात आहे, बाबा! येईल!"

"येईल ना?" ते म्हणायचे. "येईलच."

राबायचं एकीने आणि वाट पाहायची दुसऱ्याची! स्वयंपाकघरात जाऊन ती भांडी जरा जास्तच आपटायची. ऐकणारं कुणी नव्हतंच.

शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांचे ठिपके चिकटवले. पुढच्या खेपेला पट्ट्या काढल्या तर एकच जागा टरारून फुगली होती.

"दुखण्यावरच्या मलमात असतं हे. तोंडाला मलम लावता?"

"तोंडाला मलम कोण लावेल?"

"मग दुसरं कुणी तुमच्या चेहऱ्याला हात लावतं?"

ताई हसली. "या वयात कोण लावणार हो?" आणि हसता हसता तिला बाबांचे तळवे आठवले. दुपारभर बाबा गुडघ्यांना मलम चोळत बसायचे, ते तिने सांगितलं.

"म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला चाललं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मलम बंद करा. आणि गाल भरून येईपर्यंत त्यांना चेहऱ्याला हात लावू देऊ नका. अजिबात."

सांगायला सोपं. संध्याकाळी बाबांचे हात हवेत पुढे यायचे, चाचपडायचे. ती ते मधेच धरून त्यांच्या मांडीवर ठेवायची. "नको, बाबा!" ती कानाशी ओरडायची. का नको, ते ओरडून सांगण्याइतकं थोडक्यात मावत नव्हतं. ते काही विचारायचे नाहीत. काही दिवसांनी त्यांनी हात पुढे करणंच सोडलं. ती रात्री अंथरुणात पडून स्वतःचे गाल चाचपायची आणि आपण नेमकं काय बरं करतोय ते तिला समजायचं नाही.

गाल मात्र भरून आले. आधी लाली उतरली, मग सूज, मग पापुद्रे. मालकांनी तिला पुन्हा काउंटरवर बसवलं. एका गिऱ्हाइकाने तर फ्रेम सोडून तिच्याकडेच पाहिलं, आणि ती कितीतरी दिवसांनी लाजली.

त्या संध्याकाळी ती चप्पल काढून तडक बाबांसमोर बसली. त्यांचे हात उचलले आणि स्वतःच आपल्या गालांवर ठेवले.

बोटं हलली नाहीत. मग अगदी सावकाश फिरली. कपाळ, भुवया, गाल. पुन्हा गाल.

"आलीस?" ते म्हणाले. "पोरी, आलीस एकदाची! किती वाट पाहायला लावलीस गं."

बाबांनी तिला जवळ ओढलं आणि, आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "तू ठेवलेली ती बाई आहे ना, तिला काढू नकोस हं. चेहरा सोलून निघालाय बिचारीचा, पण माझं सगळं मायेने करते. तिला स्वतःचा बाप नसावा बहुतेक."