अम्मीशेजारची जागा

आमचे अब्बा आपला ऑटोफोकसवाला जपानी कॅमेरा स्टुलावर ठेवायचे, टायमर लावायचे आणि अम्मीशेजारी बसायला पळायचे. वेळेत ते कधीच पोचले नाहीत. घरातल्या प्रत्येक फोटोत अम्मी एकटी बसलेली आहे आणि समोर अब्बांची धावती पाठ.

अब्बा जाऊन वर्ष झालं. काल मी त्यांच्या कॅमेऱ्यात नवा रोल घातला, अम्मीला कराडच्या घरासमोर बाकावर बसवलं आणि फोकससाठी बटण अर्धं दाबलं.

लेन्सनं आधी अगदी माझ्याजवळचं अंतर पकडलं. तिथं कुणीच नव्हतं. मग ती सावकाश पुढं जाऊ लागली. एक मीटर. दोन मीटर. कुणाच्या तरी मागोमाग जावं तशी. अम्मी अजून धूसरच होती.

"अम्मी, हलू नकोस."

पण ती बाकाच्या कडेला सरकली.

"आवं, दमानं या. आपली मुबश्शिरा थांबलीया फोटो काढायला."

अम्मी लख्ख दिसू लागली. मी फोटो काढला.

"पोचले बाई एकदाचे!" तिनं सुटकेचा निःश्वास सोडला. खरं सांगते, मलाही हलकं वाटलं.

ती उठायला गेली, तर पदर निघेना. रिकाम्या बाकावर त्याचं टोक घट्ट दाबलेलं होतं.

"आवं, उठा की," अम्मी हसत म्हणाली, "पदरावर बसलाय."